टायमिंगला सगळ्यात शेवटी हात लावा: जुन्या गाडीचं इग्निशन टायमिंग घरी कसं जुळवायचं

बाबांची १९९४ची प्रीमियर पद्मिनी माझ्या वाट्याला आली तेव्हा ती गोव्यातल्या फर्मागुडीचा चढाव दुसऱ्या गिअरशिवाय चढत नव्हती. फोंड्यातल्या एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरचा (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल केला, रेस देत तो थोडा फिरवला आणि म्हणाला, "टायमिंग गेलेलं." आठ दिवस गाडी पळाली, मग पुन्हा रडगाणं. पुन्हा गॅरेज, पुन्हा थोडा फिरवला. असं तीन महिने चाललं. शेवटी शेवटी सकाळी स्टार्टर मारला की इंजिन उलटा झटका द्यायला लागलं.

टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, कुठेच गेलं नव्हतं. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला उघडझाप करणारा छोटा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. त्याच्या स्क्रूचे आटे गेलेले, त्यामुळे पॉइंटची फट दर आठवड्याला थोडी थोडी मिटत होती. फट मिटली की ठिणगी उशिरा पडते. आजाराला हात न लावता आम्ही डिस्ट्रिब्यूटर पुढे पुढे सरकवत होतो. कुर्टीच्या एका म्हाताऱ्या मेस्तांनी (मेकॅनिकनी) ते पाच मिनिटांत दाखवलं आणि मग दोन रविवार मला समोर बसवून सगळं शिकवलं. त्यांच्याकडून जे आलं आणि नंतर पाच-सहा गाड्यांवर हात मारून जे कळलं, ते नव्या माणसासाठी लिहितोय.

आधी बघा, तुमच्या गाडीत हे काम आहे का

कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि हाताने फिरवता येणारा डिस्ट्रिब्यूटर असेल तरच पुढे वाचा. पद्मिनी, अँबेसिडर, २००० सालच्या आधीच्या मारुती ८०० आणि ओम्नी बहुतेक यातच येतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी कधी पाडायची हे कॉम्प्युटर ठरवतो, तिथे पाना लावून काही होत नाही. कार्ब्युरेटरच्या शेवटच्या काही मारुतींमध्ये पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. त्यांनी दुसऱ्या पायरीतलं पॉइंटचं काम आणि चौथी पायरी सोडून द्यावी, त्यांचं काम टायमिंग लाइटवरच (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्यावर) होतं.

टायमिंग म्हणजे काय ते एकदा आकड्यात बघून ठेवा. इंजिन ८५० आरपीएमवर (मिनिटाला ८५० फेरे) स्लो, म्हणजे रेस न देता, चालतं तेव्हा क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा) एक फेरा साधारण ७० मिलिसेकंदांत होतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगी पडल्यावर लगेच पूर्ण जळत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. १० अंश आधी म्हणजे या वेगाला जेमतेम २ मिलिसेकंद आधी. एवढ्याशा वेळेसाठी ही सगळी खटपट. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी लागते. ते काम डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं आणि व्हॅक्यूमची डबी आपोआप करतात. आपण जुळवतो ती फक्त सुरुवातीची जागा.

ठिणगी फार लवकर पडली, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स झालं, की चढावावर रेस दिल्यावर डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, आणि गरम इंजिन स्टार्ट करताना उलटा झटका बसतो. फार उशिरा पडली, म्हणजे रिटार्ड झालं, तर गाडी ओढत नाही, तापते, ॲव्हरेज पडतो आणि पाय काढला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. यातला लवकरचा प्रकार जास्त वाईट, कारण तो कानाआड केला तर पिस्टनला भोक पाडतो.

लागणारं सामान

- गाडीचं मॅन्युअल किंवा त्याची झेरॉक्स. पॉइंटची फट आणि टायमिंगचे अंश तुमच्या मॉडेलचेच हवेत, शेजाऱ्याच्या गाडीचे चालणार नाहीत.
- फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पान्यांचा सेट, प्लग पाना, चपटा स्क्रू-ड्रायव्हर.
- १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी आणि टोकांना क्लिपा. मेस्तांचा बल्ब टेललॅम्पमधला होता, काळ्या टेपने गुंडाळलेला, आणि माझ्या टायमिंग लाइटपेक्षा जास्त कामाचा निघाला.
- टायमिंग लाइट, मिळाली तर. विकत घ्यायची घाई करू नका, कुणाची तरी मागून आणा.
- दोरा, मोजपट्टी, पांढरं नेलपॉलिश.
- पॉइंट घासायची बारीक कानस, सुकं फडकं, थोडं ग्रीस.
- चाकांमागे लावायला दोन दगड.

गाडी उघड्यावर ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून टायमिंग बघत बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.

१. खुणा शोधा आणि पांढऱ्या करा

पद्मिनीत क्रँकच्या पुलीच्या कडेला खाच आणि तिच्यासमोर टायमिंग कव्हरवर खूण असते. मारुती ८००मध्ये फ्लायव्हीलवरची खूण गिअरबॉक्सच्या घरावरचं रबरी बूच काढून बघावी लागते. जुन्या अँबेसिडरमध्ये कव्हरच्या खुणा खालच्या अंगाला असतात, पाठीवर झोपल्याशिवाय दिसत नाहीत. तीस वर्षांचा मळ आणि तेल केरोसीनने पुसा आणि खाचेत नेलपॉलिश भरा. खडू लावलात तर इंजिन चालू झाल्यावर उडून जातो.

पुलीवर फक्त पिस्टनच्या वरच्या टोकाची, म्हणजे शून्याची खाच असेल आणि अंशांची नसेल तर दोरा काढा. पुलीच्या कडेभोवती एक वेढा घेऊन घेर मोजा आणि ३६ने भागा, तेवढं अंतर म्हणजे १० अंश. समजा घेर ४० सेंटिमीटर आला, तर १० अंश म्हणजे साधारण ११ मिलिमीटर. आता ही नवी खूण शून्याच्या कुठल्या बाजूला? इथे निम्मे लोक चुकतात. पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेला, म्हणजे कव्हरच्या खुणेसमोरून आधी नवी खूण गेली पाहिजे आणि मग शून्याची खाच. उलट बाजूला केलीत तर ठिणगी १० अंश आधी पडायच्या ऐवजी १० अंश नंतर पडेल, आणि तुम्ही मात्र सगळं बरोबर केल्याच्या समाधानात गाडीला शिव्या देत बसाल.

२. आधी पॉइंट, मग बाकीचं

ही पायरी टाळून पुढे जायचं नाही. मी तीन महिने तेच करत होतो.

डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून आतून बघा. गोव्यात पावसाचे चार महिने या कॅपचे वैरी आहेत. रात्रभर गाडी आंब्याखाली ताडपत्रीत उभी राहिली की सकाळी कॅपच्या आत दमट वाफ धरलेली असते. पितळी टोकांवर हिरवट चढलेलं असतं. कधी दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे ठिणगीने शोधलेली आडवाट. रेघ दिसली तर कॅप बदला, घासून ती जात नाही. हिरवट असेल तर खरवडून, सुक्या फडक्याने पुसून घ्या. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे दर दोन महिन्यांनी करावं.

मग पॉइंट. त्यांची तोंडं एकमेकांवर सपाट बसली पाहिजेत. थोडी काळी असतील तर कानसेने दोन हात मारा. पॉलिश पेपर नको, त्याची वाळू पॉइंटमध्ये अडकते. एका तोंडावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेली छोटी डबी) दोन्ही बदला.

फट मोजायची ती पॉइंटची टाच डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावरच्या कॅमच्या टोकावर, म्हणजे सगळ्यात उंच जागी असताना (इंजिन हाताने फिरवायची रीत पुढच्या पायरीत आहे). बऱ्याच पॉइंटवाल्या गाड्यांत फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, मेस्तांच्या भाषेत "सोळा थाऊ" (इंचाचे सोळा हजारांश). तरी शेवटचा शब्द मॅन्युअलचा. फिलर गेज आधी फडक्याने पुसा, तेलकट पट्टीने पॉइंट लवकर जळतात. पट्टी फटीतून ओढताना किंचित अडखळावी, जोर लावावा लागू नये. स्क्रू कसल्यावर फट पुन्हा मोजा, कसताना ती हमखास हलते. माझ्या गाडीत तो स्क्रू कितीही कसला तरी फिरतच राहायचा, आणि मी त्याला "बसला" म्हणायचो.

टाचेला ग्रीसचा ठिपका लावा, मुगाच्या डाळीएवढा. जास्त लावलंत तर ते उडून पॉइंटवर बसतं.

आणि हे डोक्यात पक्कं करा: फट वाढली की ठिणगी लवकर पडते, फट मिटली की उशिरा. म्हणजे पॉइंटला हात लावला की टायमिंग बदललंच. म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग, हा क्रम उलटा करून चालत नाही.

३. एक नंबर सिलिंडर वर आणा

इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांमागे दगड. प्लगच्या वायरींवर नंबर लिहून सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. वायरी चुकल्या तर: पद्मिनी आणि अँबेसिडरचा क्रम १-३-४-२, मारुती ८००चा तीन सिलिंडरचा १-३-२.

स्टार्टिंग हँडलने फिरवत असाल तर अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका. इंजिनने झटका दिला तर विळख्यातला अंगठा निखळतो. हँडल नसेल तर दगड काढून, टॉप गिअर टाकून गाडी इंच इंच ढकला. दोन माणसं लागतील, आणि जागा सपाट हवी.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा एक नंबरला एकदाच ठिणगी लागते. पुलीची खाच मात्र दोन्ही फेऱ्यांत समोर येते. बरोबर फेरा कुठला हे कळायला एक नंबरच्या प्लगच्या भोकात कागदाचा बोळा हलकेच बसवा, आत पडणार नाही एवढा मोठा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्याला तो फट्कन बाहेर उडतो. आमच्या मुलीला या कामात एवढंच आवडतं. चुकीच्या फेऱ्यावर टायमिंग बसवलं तर गाडी चालू होत नाही, कार्ब्युरेटरमधून भडका देते, आणि एअर फिल्टर काढलेला असेल तर भुवया जातात.

आता अंशांची खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा, पण नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने येत. पुढे गेलात तर नुसतं मागे आणून थांबू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या. टायमिंग चेन आणि गिअरच्या दातांत ढिलाई असते, मागे येताना ती उलट्या बाजूला जाते आणि दोन-तीन अंश खाऊन टाकते.

४. बल्ब लावून बसवा

कॉइलपासून (बॅटरीचा व्होल्टेज ठिणगीपुरता वाढवणारा भाग) डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला जी बारीक वायर जाते, त्या टर्मिनलला बल्बची एक क्लिप, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. कॉइलची जाडी वायर कॅपमधून काढून इंजिनला टेकवून ठेवा. प्लगची भोकं उघडी आहेत आणि त्यातून पेट्रोलची वाफ येते, तिथे मोकळी ठिणगी नको. आता इग्निशन चालू करा, आणि यानंतर हँडलला हात लावायचा नाही.

पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटलेला. बल्ब ज्या क्षणी पेटतो तोच ठिणगीचा क्षण.

डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प एवढाच सैल करा की तो हाताने जोर लावून फिरेल. आधी रोटर (कॅपखालचा फिरता हात) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बॉडी फिरवा, बल्ब विझेपर्यंत. मग उलट्या दिशेने केसाकेसाने आणा. बल्ब पेटला की थांबा. रोटरच्या उलट दिशेला फिरवलं की टायमिंग ॲडव्हान्स होतं, रोटरच्या दिशेला फिरवलं की रिटार्ड. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी १ अंश हलली की टायमिंग २ अंशांनी हलतं. "जरासं फिरवलं" म्हणणाऱ्यांनी किती फिरवलं असेल याचा विचार करा.

क्लॅम्प कसून घ्या, आणि बल्बने पुन्हा तपासा. कसताना बॉडी सरकते, माझी दर वेळी सरकते. इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट जात राहतो आणि ती तापते. हात लावून बघा, चटका बसायच्या आधी बंद करा.

५. इंजिन चालू करून खात्री

प्लग, वायरी जागच्या जागी लावा, इंजिन गरम करा. टायमिंग लाइटची लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, आणि चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर. मॅन्युअलने सांगितलं असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचं कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद करा. स्लो मॅन्युअलच्या आकड्यावर हवं. स्लो जास्त असेल तर आतली वजनं आधीच उघडायला लागतात आणि तुम्ही खोट्या आकड्यावर टायमिंग बसवता.

या लाइटमुळे फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. कधी कधी पंख्याची पातीही थांबल्यासारखी दिसतात. ती थांबलेली नसतात. सैल बाही, गळ्यातली साखळी, खांद्यावरचं फडकं, सगळं आधी काढून ठेवा.

खूण जागेवर असेल तर हळूहळू रेस द्या. खूण सरकत ॲडव्हान्सच्या बाजूला गेली पाहिजे आणि पाय काढल्यावर परत आली पाहिजे. झटके खात गेली किंवा तिथेच अडकली तर वजनांच्या पिना गंजल्यात. दमट हवेत बरेच दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर हे ठरलेलंच. डिस्ट्रिब्यूटर उघडून साफ करणं हा वेगळा उद्योग, पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी हवा.

व्हॅक्यूमची डबी तपासायची सोपी रीत: इंजिन बंद, कॅप काढलेली, नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक पुसून तोंडाने ओढा. पॉइंटची पट्टी आत सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरली तर तिथेच राहिली पाहिजे. हळूहळू परतली तर डबीतला पडदा फाटलाय. तोंडाला पेट्रोलची चव येते, पुढच्या चहाला तासभर मजा नाही.

६. चढावावरची परीक्षा

मॅन्युअलचा आकडा नव्या इंजिनासाठी लिहिलेला असतो. इंजिन जुनं, सिलिंडरच्या डोक्यात कार्बन साठलेला, पेट्रोल वेगळं. म्हणून शेवटचे एक-दोन अंश रस्त्यावर ठरतात. मेस्त इथे मागे टेकून बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "गाडी उलयता, तूं आयक." (गाडी बोलते, तू ऐक.)

इंजिन नीट तापू द्या. चढावाच्या पायथ्याशी टॉप गिअरमध्ये ४०च्या वेगाने या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. खडे क्षणभर वाजून वेग धरताच थांबले तर उत्तम. वाजतच राहिले तर पाय काढा, थांबा, २ अंश रिटार्ड करा. अजिबात वाजले नाहीत आणि गाडीही मंद वाटली तर १ अंश ॲडव्हान्स, त्याहून जास्त एका वेळी नाही. फोंडेकरांना फर्मागुडी आहेच, पणजी-म्हापशाकडच्यांना पर्वरीचा चढाव, पण तिथल्या ट्रॅफिकमध्ये हा प्रयोग पहाटेच करा. चोर्ला घाट किंवा अनमोड ही पुढची परीक्षा, पहिल्याच दिवशी तिकडे जाऊ नका. गाडी घाटात बंद पडली तर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याबद्दल थोडं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे खडे कमी वाजतात आणि टायमिंग आणखी पुढे न्यायचा मोह होतो. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजनही असतो, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. गाडी थंड असताना अडखळते, ओढत नाही, आणि माणूस लगेच डिस्ट्रिब्यूटरकडे हात नेतो. तिथे दोष मिश्रणाचा असतो. रबरी नळ्याही बघा, जुन्या मऊ पडतात.

रस्त्यावर नेताना आरसी, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, आणि या गाड्यांची पीयूसी ६ महिनेच चालते. पीयूसीच्या आदल्या दिवशी टायमिंगशी खेळू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः कार्ब्युरेटरच्या मिश्रणावर ठरतो, डिस्ट्रिब्यूटर फिरवून तो आकडा खाली येणार नाही.

सगळं बसलं की डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीवर आणि इंजिनावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पुढे कुणी बोल्टला हात लावला तर रेघ तुटलेली दिसेल. मी गॅरेजमध्ये गाडी सोडताना आता ती रेघ मुद्दाम दाखवतो.

नवीन पॉइंट घातले असतील तर ५०० किलोमीटरांनी फट परत मोजा, नवी टाच सुरुवातीला भराभर झिजते. तारीख, किलोमीटर, फट आणि अंश एका वहीत लिहून वही गाडीतच ठेवा. बाबांची वही मला चवथीच्या साफसफाईत डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडली. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलेलं होतं, "पॉइंटचा स्क्रू बदलणे."